नाशिकमध्ये घर शोधताय? भाडं विचारण्याआधी ओल, हवा आणि ऊन बघा

अंबड-सातपूरच्या कंपनीत नोकरी लागली, बदली होऊन नाशिकरोडला यायचं ठरलं, मुलीला कॉलेज रोडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. कारण काहीही असो, नाशिकात नवा आलेला माणूस घर शोधताना ठरलेले प्रश्न विचारतो. भाडं किती, डिपॉझिट किती, पाणी किती वेळ येतं, गाडी कुठे लावायची. हे विचारायलाच हवं. पण ज्या खोलीत आपण रोज सात-आठ तास झोपणार, जिथे आई-वडील दिवसभर बसून असणार, तिथली हवा कुठून येते, भिंत कोरडी आहे का, ऊन किती वाजता शिरतं, हे फारसं कुणी विचारत नाही. मग जुलैत लागलेला खोकला दिवाळी आली तरी हटत नाही, दवाखाने बदलून होतात, आणि पलंगामागच्या काळ्या पडलेल्या भिंतीकडे कुणाचं लक्षच जात नाही.

ओलसर, बुरशी धरलेल्या घरात राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाचे इतर विकार होण्याचा किंवा असलेले बळावण्याचा धोका जास्त असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओलीवर आणि बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या त्या याचसाठी. घर निवडताना काय बघायचं, कोणत्या क्रमाने बघायचं आणि राहायला गेल्यावर काय करायचं, ते पुढे देतो. भाड्याने घेणाऱ्यांनाही हे लागू आहे आणि विकत घेणाऱ्यांनाही.

पहिली पायरी: घर दोनदा बघा, वेगवेगळ्या वेळी

एजंट बहुतेक वेळा सकाळी दहा-अकराला घर दाखवतो. त्या वेळी नाशिकचं कुठलंही घर छानच वाटतं. दुसऱ्यांदा जा ते दुपारी तीन-चारच्या सुमारास, आणि जमलं तर तिसऱ्यांदा अंधार पडल्यावर. दुपारी पश्चिमेची भिंत किती तापते ते कळतं. रात्री रस्त्याचा आवाज, शेजारच्या हॉटेलचा धूर, डक्टमधून, म्हणजे इमारतीत पाईपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून, येणारा वास कळतो. पावसाळ्यात घर शोधायची वेळ आली तर वाईट वाटून घेऊ नका, भिंती खरं बोलतात तो हाच काळ. संततधार लागून दोन दिवस झाले की मुद्दाम जा.

नोव्हेंबर ते मे या काळात घर बघत असाल तर नुकताच मारलेला रंग बघून खूश होण्याआधी थोडी चौकशी करा. सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकच भिंत नवी असेल तर ती का रंगवली ते थेट विचारा. खालच्या आणि वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांना विचारा. शेजारी सहसा खरं सांगतात: “अहो, त्या बेडरूमला पावसात गळतंय, आधीचे भाडेकरू म्हणूनच गेले.”

दुसरी पायरी: ओल नुसती बघू नका, ती कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

इथे घाई करू नका. नाशिकच्या घरांतल्या आजारांचं मोठं मूळ ओलीत आहे. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या मानाने शहरात पाऊस बराच कमी, पण जून ते सप्टेंबर हवा दमट राहते, आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही, आणि एकदा भिजलेली भिंत वाळायला ऑक्टोबर उजाडतो.

आधी नाक वापरा. घरात शिरल्या शिरल्या भिंतीतली कपाटं उघडा आणि आत तोंड घालून वास घ्या. कुबट वास आला तर आत कुठेतरी बुरशी आहेच, डोळ्यांना दिसो न दिसो. मग हात वापरा. बाथरूमच्या पलीकडे जी भिंत बेडरूममध्ये येते तिच्यावर तळहात ठेवा, मग शेजारच्या आतल्या भिंतीवर ठेवा. गारव्यात फरक लागला की समजा पाणी मुरतंय. खिडकीखालचे दोन कोपरे, छताच्या कडा, बीम आणि भिंत जुळते ती रेघ, आणि स्वयंपाकघरात सिंकखालचं कपाट, या जागा सोडू नका.

आता प्रकार. जमिनीपासून फूट-दीड फुटापर्यंत रंगाचे पोपडे सुटलेत, पांढरी पूड बोटाला लागते, तर तो लोणा. जमिनीतलं पाणी भिंतीत वर चढतं, बरोबर क्षार आणतं, आणि पाणी उडालं की क्षार मागे राहतात. तळमजल्यावर आणि जुन्या बैठ्या घरांत हे दिसतं. वरून रंग मारून लोणा जात नाही, पुढच्या वर्षी पुन्हा वर येतो. दुसरा प्रकार गळतीचा. पिवळसर-तपकिरी डाग, कडा गडद, बारा महिने ओला. याचं कारण वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप (फरशीतलं सांडपाणी जाण्याचं तोंड) किंवा भिंतीतली पाईप, आणि दुरुस्ती वरच्या फ्लॅटमध्ये करावी लागते. तिसरा पावसाचा. आपल्याकडे मोसमी वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणून झड त्याच बाजूच्या भिंतींवर बसते. बाहेरच्या गिलाव्याला भेगा असतील, खिडकीवर छज्जा नसेल, तर पाणी आत येणारच. बाहेर उभं राहून त्या भिंतीकडे वर बघा. काळे-हिरवे ओघळ आणि भेगेत उगवलेलं पिंपळाचं रोप दिसलं तर आत काय असेल ते न बघताही सांगता येतं.

चौथा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही. भिंत बाहेरून ठणठणीत, पाईप कुठेही फुटलेली नाही, तरी कपाटामागे काळे ठिपके. ही घरातलीच वाफ असते. बंद खोलीत वाळत घातलेले कपडे, आंघोळीची वाफ, भाताचा कुकर, आणि चार माणसांचा श्वास. ही वाफ गार भिंतीवर जाऊन बसते. इथे दुरुस्ती लागत नाही, हवा लागते. कपाट आणि पलंग भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायचे, आंघोळीनंतर बाथरूमचं दार लावून एक्झॉस्ट पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवायचा, आणि पावसाळ्यात कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालायचे नाहीत. गादी, चटई, पुस्तकं असं काही भिजलं तर एक-दोन दिवसांच्या आत ते पूर्ण वाळायला हवं. त्यानंतर बुरशी धरू लागते.

सर्वात वरचा मजला असेल तर गच्चीवर जाऊन बघाच. स्लॅबवर ब्रिक बॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वर चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर) केलेलं असेल आणि ते फुटलेलं नसेल तर गळतीही कमी आणि उन्हाळ्यात तापही कमी. पाणी साचलेल्या जागा, टाकीखालचा ओलसरपणा, तुंबलेले पावसाळी पाईप हे सगळं खालच्या छतात उतरतं.

तिसरी पायरी: हवेची वाट शोधा

हवा एका बाजूने आत आली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर गेली तरच खोली मोकळी होते. एकाच भिंतीला खिडकी असेल तर ती कितीही मोठी असली तरी हवा जागच्या जागी घुटमळते. तपासायला सोपं आहे. एक उदबत्ती पेटवा, दाराजवळ धरा, खिडक्या उघड्या ठेवा. धूर एका दिशेने तिरका होऊन निघून गेला तर घर श्वास घेतंय. सरळ वर जाऊन छताखाली पसरला तर दुसरी दार-खिडकीची जोडी उघडून पुन्हा बघा.

राष्ट्रीय इमारत संहितेत उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ किती असावं याचे निकष आहेत: कोरड्या उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश, मध्यम हवामानात एक अष्टमांश, दमट उष्ण भागात एक षष्ठांश. यातला ‘उघडणाऱ्या’ हा शब्द महत्त्वाचा. हल्ली सगळीकडे सरकत्या काचांच्या खिडक्या असतात, आणि दोन काचांची खिडकी कितीही सरकवली तरी अर्धीच उघडते. म्हणजे चार फुटी खिडकीतून हवा येते ती दोन फुटांतून. त्यात मच्छरजाळी धुळीने भरलेली असेल तर त्याहून कमी. जाळी काढून धुता येते का तेही बघून घ्या. शंभर चौरस फुटांच्या खोलीला निदान दहा-बारा चौरस फूट खरोखर उघडणारी जागा हवी, एवढा हिशोब डोक्यात ठेवला तरी पुरे.

डक्टमध्ये उघडणारी खिडकी ही खिडकी म्हणून मोजू नका. डक्टमध्ये सगळ्या मजल्यांच्या बाथरूमची हवा असते आणि बहुधा कबुतरांचा मुक्काम. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली की काही जणांच्या फुप्फुसांना कायमची सूज येते. साधा दमा समजून त्यावर उपचार होत राहतात आणि तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं. डक्टला वरून जाळी बसवलेली आहे का, तो साफ कधी झाला, हे सोसायटीत विचारा. लाजू नका.

इमारती एकमेकींना खेटून असल्या तर काय होतं ते मुंबईत दिसलं आहे. मानखुर्द-गोवंडी भागातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींमध्ये इमारती काही फुटांच्या अंतरावर उभ्या आहेत. तिथल्या २०१८ च्या अभ्यासात ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवरच्या घरांचा आणि क्षयरोगाचा संबंध पुढे आला. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, कोंडलेल्या हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. हवा खेळती असली की काय फरक पडतो, याचा पुरावा पेरू देशातल्या लिमा शहरातून आला. तिथे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या रुग्णालयांत नुसत्या खिडक्या-दारं उघडून यांत्रिक व्यवस्थेपेक्षा जास्त हवा बदलते असं आढळलं. आपल्याकडे नव्या नाशकातल्या, म्हणजे सिडकोतल्या, मूळच्या छोट्या घरांवर पुढे मजले चढले, बोळ अरुंद झाले. तिथे घर बघताना समोरच्या भिंतीचं अंतर आणि दुपारी बारा वाजता खोलीत दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येतं का, हे बघाच.

चौथी पायरी: गॅस गिझर. इथे तडजोड नाही

एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. नाशिकची थंडी कडक. शेजारचं निफाड तर राज्यातल्या नीचांकी तापमानासाठी दर हिवाळ्यात बातमीत असतं. त्यामुळे गरम पाण्याशिवाय चालत नाही, आणि स्वस्त म्हणून अनेक घरांत बाथरूमच्या आतच गॅस गिझर बसवलेला असतो.

छोट्या बंद बाथरूममध्ये गॅस जळताना ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून बसतो. डोकं दुखतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, आणि कडी काढायला हात पोचण्याआधी माणूस कोसळतो. थंडीच्या दिवसांत महाराष्ट्रात अशा मृत्यूंच्या बातम्या येतातच. गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेच्या ड्राय बाल्कनीत किंवा गॅलरीत असायला हवा आणि आत फक्त पाण्याची पाईप यायला हवी. आत असेल तर मालकाला तो बाहेर हलवायला सांगा किंवा विजेचा, सोलरचा पर्याय मागा. “आम्ही दहा वर्षं वापरतोय, काही झालं नाही” हे उत्तर ऐकून घेऊ नका. आणि एक्झॉस्ट पंखा आहे म्हणजे काळजी नाही असंही नाही. बंद बाथरूममध्ये पंखा जोरात चालला तर गिझरचा जळका वायू बाहेर जायच्या ऐवजी उलटा आत खेचला जाऊ शकतो.

हेच कोळशाच्या शेगडीचं. डिसेंबर-जानेवारीत खोलीत शेगडी ठेवून, दारं-खिडक्या लावून झोपणं जिवावर बेततं. गोधडी घ्या, स्वेटर घाला, पण पेटती शेगडी झोपायच्या खोलीत नको.

पाचवी पायरी: स्वयंपाकघर

घरातल्या धुराने जगात २०२० साली सुमारे ३२ लाख माणसं दगावली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातला मोठा वाटा चुलीच्या धुराचा. शहरात गॅस आहे, पण फोडणी, तळण, भाकरी भाजताना उडणारं पीठ आणि ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड हे आहेतच. खिडकी ओट्याच्या भिंतीत किंवा लगत असावी. ड्राय बाल्कनी काचा लावून बंद केलेली असेल तर स्वयंपाकघराची हवा तिथेच संपली. चिमणी असेल तर तिची नळी खरोखर बाहेर जाते का ते वाकून बघा. नळी नसलेली चिमणी तेल थोडंफार गाळते, पण वाफ आणि वायू पुन्हा आपल्याच तोंडावर सोडते. गॅसची ज्योत निळी हवी, पिवळी दिसली की बर्नर साफ करून घ्या.

सहावी पायरी: ऊन, ताप आणि खिडकीबाहेरचं झाड

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. वरच्या मजल्यावरची पश्चिमेची बेडरूम रात्री बारापर्यंत धगधगते, कारण दिवसभर तापलेला स्लॅब आणि भिंत रात्री उष्णता सोडत राहतात. लहान मुलं, म्हातारी माणसं, रक्तदाबाची औषधं घेणारे, यांना हे बाधतं. गच्चीला पांढरा परावर्तक रंग, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून बांबूचा किंवा वाळ्याचा पडदा, असे उपाय करता येतात. पडदा आतून लावून फारसा उपयोग नाही, ऊन काचेतून आत येऊन गेलेलं असतं. पूर्वेचं सकाळचं ऊन मात्र मिळालं तर सोडू नका.

अंबड-सातपूरच्या आसपास कामगारांना पत्र्याच्या खोल्या भाड्याने मिळतात. लोखंडी पत्रा तापतो हे दिसतंच. सिमेंटचे पत्रे थोडे बरे वाटतात, पण त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. ते जागच्या जागी धड असतील तोवर ठीक, पण त्यांना भोक पाडणं, कापणं, घासणं टाळा. ती धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते.

खिडकीतून काय दिसतं याचाही प्रकृतीवर परिणाम होतो. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिक यांनी तपासल्या. खिडकीबाहेर झाडं असलेले रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. १९८४ साली हे प्रसिद्ध झालं. दोन फ्लॅट सारखेच असतील तर ज्याच्या समोर कडुलिंब आहे तो घ्या, असं मी बिनदिक्कत सांगतो.

सातवी पायरी: घराभोवतीची हवा आणि पाणी

केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत नाशिक आहे. मुंबई-आग्रा महामार्गाला, द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या चौकाला लागून घर असेल तर झोपायची खोली मागच्या बाजूची निवडा. सिंहस्थाच्या निमित्ताने रस्त्यांची कामं चालू असलेल्या भागात फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

मखमलाबाद, गिरणारे, आडगावच्या बाजूला द्राक्षबागांना लागून बंगले आणि रो-हाऊस झालेत. दिसायला फार सुंदर. पण ऑक्टोबर छाटणीनंतर भुरी आणि डाऊनी या द्राक्षांवरच्या बुरशीच्या रोगांसाठी बागेत फवारण्या सुरू होतात आणि वाऱ्याबरोबर त्या घरापर्यंत येतात. बागायतदाराशी ओळख करून घ्या. “काका, फवारणीच्या आदल्या दिवशी एक फोन कराल का?” म्हटलं की करतात. त्या दिवशी बागेकडच्या खिडक्या बंद, वाळत घातलेले कपडे आत, लहान मुलं दुसऱ्या बाजूला.

गोदावरी, नासर्डी, वाघाडी, वालदेवी यांच्या काठाजवळ घर घेत असाल तर पूररेषा तपासा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. २००८ आणि २०१९ चे पूर ज्यांनी पाहिले ते गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं होतं यावरून पूर किती मोठा होता ते सांगतात. पुराचं सांडपाणीमिश्रित पाणी विटांत मुरलं की ती भिंत महिनोन्‌महिने वाळत नाही. जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या वाड्यांत भाडं कमी असतं, चौकामुळे पुढच्या खोल्यांत उजेड-वाराही चांगला. मागच्या खोल्या मात्र अंधाऱ्या आणि ओल धरलेल्या असतात. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. आपल्या वाड्याला तशी नोटीस आहे का, हे आधी विचारा.

आठवी पायरी: रंग, फर्निचर, डास

नवा रंग किंवा नवं प्लायवूडचं काम झालं असेल तर शक्य तितके दिवस खिडक्या उघड्या ठेवून मगच राहायला जा. प्लायच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड सुटत राहतं. घरगुती रंगातल्या शिशावर २०१७ पासून दहा लाखांत ९० भागांची मर्यादा आहे, पण जुन्या रंगाचे थर त्याआधीचे असतात. ते खरवडताना गर्भवती बाई आणि लहान मुलं घरात नकोत.

डासांसाठी बंद खोलीत कॉइल जाळू नका. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. मच्छरदाणी बांधा, आणि आठवड्यातून एक दिवस कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर, फ्रिजमागचा ट्रे घासून कोरडा करा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात साधारण आठवडाभरात तयार होतो.

नववी पायरी: करारात लिहून घ्या

अकरा महिन्यांच्या करारात या ओळी घालायला मालक सहसा नाही म्हणत नाहीत: गळती आणि बाहेरून येणाऱ्या ओलीची दुरुस्ती मालक करेल. गॅस गिझर बाथरूमबाहेर असेल. ताबा घेताना भिंतींचे तारखेसह काढलेले फोटो दोघांकडे राहतील. फोटो काढायला विसरू नका, डिपॉझिट परत घेताना उपयोगी पडतात.

राहायला गेल्यावर घरातल्या कुणाला सारखी सर्दी, खोकला, डोकेदुखी किंवा अंगाला खाज सुरू झाली तर एक साधी नोंद ठेवा: त्रास कोणत्या खोलीत वाढतो, गावी चार दिवस गेल्यावर कमी होतो का, परत आल्यावर पुन्हा उठतो का. ही नोंद आणि भिंतीचा फोटो डॉक्टरांना दाखवा, कारण घराबद्दल तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना ते कळायचं नाही. आणि डोकेदुखी फक्त आंघोळीनंतरच होत असेल तर डॉक्टरांकडे जाण्याआधी गिझरचा गॅस बंद करा.